चेतगंजचं प्रकरण

कबाडी बारा वाजता येणार होता. विद्युल्लताबाई साडेदहालाच चेतगंजला पोचल्या, कारण शाळेत मुख्याध्यापिका असतानाही त्यांची हीच पद्धत होती. आधी शिक्षा ठरवायची, आणि ती सुनावण्यापूर्वी गुन्हा एकदा डोळ्यांखालून घालायचा.

बॅटरीच्या टोटो रिक्षातून उतरताना प्रल्हादनं हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे त्याहून चार-दोन वर्षांनी मोठे. पण ज्या मोहल्ल्याचं नाव चौसष्ट वर्षं तोंडातून काढलं नव्हतं, तिथं पहिलं पाऊल धाकट्या भावाच्या आधारानं टाकणं त्यांना मंजूर नव्हतं.

"ताई, तू बाहेरच बस," प्रल्हाद म्हणाला. "बघण्यासारखं काही नाही. शार्दूलला मी कालच सांगितलंय, पुढे खरवडू नकोस. बाराला टेम्पो येईल, घेऊन जाईल, संपलं."

"मग तू कशाला आलास?"

प्रल्हादला उत्तर देता आलं नाही. वेदपाठशाळा चालवणाऱ्या माणसाला उत्तर न सुचणं ही काशीत दुर्मीळ घटना होती. ताईंनी ती मनात टिपून ठेवली.

मागून त्याची बायको वीणा डबा सांभाळत उतरली. लग्न असो, मयत असो, की सासऱ्यांच्या जीपची विल्हेवाट, माणसांना शेवटी भूक लागतेच, असा तिचा अनुभव होता.

गोदामाच्या दारात शिवराम मिस्त्री उभा होता. बाप गेल्यावर या गोदामाची राखण त्याच्याकडे आली होती, आणि आता तोही सत्तरीपार होता. "परनाम, बहिनजी," तो म्हणाला. "बड़ी देर कर दीं आने में."

ताईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "साढ़े दस बोला था. साढ़े दस बजे हैं."

"हम साठ बरस की बात कर रहे हैं."

ताई आत शिरल्या.

जीप मधोमध उभी होती, चाकं नवी, अंग जुनं. दादांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, ढुंढिराजशास्त्र्यांनी, ती सत्तेचाळीस साली लष्कराच्या मोडीतून आणली होती. दूधविनायकाच्या गल्लीत सांड आणि सायकल समोरासमोर आले तर सायकल मागे न्यावी लागते; तिथं जीप घरी आणण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून ती चेतगंजला राहिली. आणि बालाजी घाटावर संध्या आटोपली की दादा रोज न चुकता चेतगंजला जात राहिले. चौतीस वर्षं.

गल्लीतल्या लोकांना तेवढं पुरेसं होतं. वैदिकांच्या घरातला माणूस रोज संध्याकाळी धुतलेलं धोतर नेसून चेतगंजला जातो आणि दोन तासांनी हसऱ्या चेहऱ्यानं परततो, हे जीपनं कसं होईल? जीपला एवढं काय करायचं असतं?

विद्युल्लताबाईंनी मात्र गल्लीवर कधी विश्वास ठेवला नव्हता. त्यांच्याकडे पुरावा होता, आणि तो त्यांनी आजवर कुणालाही दाखवला नव्हता.

"आत्या! ये, ये. इधर से ये, तिकडे थिनर सांडलंय." शार्दूल जीपच्या नाकाशी उकिडवा बसला होता, हातात पातळ पत्ती, खांद्यावर चिंधी. प्रल्हादच्या या मुलानं बँकेतली नोकरी सोडली, हे घरातलं दुःख आता जुनं झालं होतं. जुन्या गाड्या आणून तो त्यांच्यावर लढाईतल्या विमानांवर असायची तशी चित्रं काढायचा आणि ती लखनौ-जयपूरची हौशी माणसं घेऊन जायची. मागल्या वर्षी त्यानं एका ॲम्बॅसॅडरच्या तोंडावर शार्कचा जबडा रंगवला. गाडी अर्धा तास मैदागिनला उभी होती, तेवढ्यात कुणीतरी जबड्याला शेंदूर लावून जास्वंदीची माळ घालून गेलं. मालकानं माळ अजून उतरवलेली नाही.

"याला नोज आर्ट म्हणतात, आत्या."

"नाकावरची कला. म्हणजे नथ."

"नाही गं! विमानाचं नाक. त्यावर पायलट लोक चित्र काढून घ्यायचे. बाई, बाईचं नाव. वाटायचं की ती आपल्याला सहीसलामत परत आणेल."

"चेतगंजला नाकाचं एकच काम मला ठाऊक आहे," ताई म्हणाल्या. "नक्कटैयाच्या मिरवणुकीत शूर्पणखेचं कापतात ते."

दादांचं विमानतळाचं पर्व घरात सगळ्यांना पाठ होतं. घनपाठ्यांचा हा मुलगा चव्वेचाळीस साली पळून खड्गपूरकडच्या अमेरिकन तळावर रंगारी म्हणून राहिला आणि त्यानं दीड वर्ष विमानांच्या नाकांवर कमी कपड्यांतल्या बायका काढल्या. घरी त्यानं 'सध्या देवीची चित्रे काढतो' असं कळवलं होतं, आणि त्याच्या वडिलांनी ते पत्र पाठशाळेत सर्वांना वाचून दाखवलं होतं.

मरताना दादांनी एका चिठ्ठीत लिहून ठेवलं: 'जीप चि. विद्युल्लतेस.' ताईंनी किल्ली घेतली, कपाटात टाकली आणि त्रेचाळीस वर्षं जीपचं तोंड पाहिलं नाही. या श्रावणात शार्दूलनं फारच पिच्छा पुरवला, तेव्हा त्यांनी किल्ली काढून दिली. अट एकच: मला काही दाखवायचं नाही, सांगायचं नाही. काल त्याचा फोन आला. "आत्या, सॉरी, पण सांगावं लागतंय. हिरव्या रंगाखाली एक बाई निघाली आहे."

ताई म्हणाल्या होत्या, "कबाड्याला बोलाव."

आता त्या बाईचे पाय दिसत होते. बॉनेटच्या डाव्या अंगाला, हिरव्या पापुद्र्यातून बाहेर आलेली दोन गोरी पावलं, एकावर एक टाकलेली. वर जांभळ्या लुगड्याचा काठ. खाली, पिवळ्या रंगात, अक्षरांचा शेवट: 'वत'.

"पायात जोडवी आहेत," वीणा वाकून म्हणाली.

"लग्न झालेली बाई!" प्रल्हादनं डोळे मिटले.

"आणि हे 'वत' काय?" ताईंनी विचारलं. खरं तर त्यांना विचारायचं नव्हतं. पण आयुष्यभर अर्धवट पुसलेल्या फळ्यांवरून अक्षरं जुळवण्यात गेलेली बाई ती. समोर अर्धा शब्द दिसला की राहवत नसे.

"मला वाटलं, ऐरावत," शार्दूल म्हणाला. "इंद्राचा हत्ती. जीपला सूट करतं."

"भागवत असेल," वीणा म्हणाली. "नाहीतर दैवत."

"दैवत! तेच असणार," प्रल्हाद घाईनं म्हणाला. "दैवतच. आता ठरलं ना? मग खरवडणं बंद कर."

"दैवताला लपवायचं कशाला, बाबा? रुको, एकच अक्षर राहिलंय." शार्दूलनं चिंधी थिनरमध्ये बुडवली, हिरव्या रंगावर दाबून धरली आणि पत्तीची धार हळूच सरकवली. चौघांच्या माना एकदम पुढे झाल्या. मिस्त्री तेवढा स्टुलावर बसून तंबाखू मळत होता. त्याला गंमत आधीच ठाऊक असल्यासारखा.

पापुद्रा सुटला. खाली 'स' होता.

कुणी शब्द मोठ्यानं वाचला नाही. तीन अक्षरं, काना-मात्रा काही नाही. बालवाडीतल्या मुलालाही वाचता आला असता.

"मला माहीत होतं," प्रल्हाद शेवटी म्हणाला. आवाज पाठशाळेतला नव्हता. "हा हिरवा रंग मीच दिलाय. एक्याऐंशी साली, दादांच्या तेराव्याच्या आत. किल्ली तुझ्या हाती जाण्यापूर्वी म्हटलं, गाडी एकदा पुसून घ्यावी. आलो तर हे. ही बाई आणि हा शब्द. दुसऱ्या दिवशी दोन डबे रंग आणला. आईला कळू नये. तुलाही कळू नये."

"मला माहीत होतं."

"काय?"

ताई लाकडी खोक्यावर बसल्या. चौसष्ट वर्षं दाबून ठेवलेला पुरावा त्यांनी अगदी हजेरी घेतल्यासारख्या सुरात सादर केला. "मी चौदा वर्षांची होते. आई स्वैपाकघरात चटणी वाटत होती. डाव्या हातानं. कुणी नसलं की ती सगळं डाव्या हातानं करायची. आजोबांची चाहूल लागली की वरवंटा उजव्या हातात जायचा. मी विचारलं, आई, दादा रोज संध्याकाळी कुठे जातात? तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, 'चेतगंजला. सवतीकडे.' आणि ओठ घट्ट मिटून घेतले."

"आणि मग?" वीणानं विचारलं.

"मग काय? तिला आणखी बोलायला लावायचं? तिचे ओठ थरथरत होते. मी गुपचूप बाहेर आले. त्या दिवसापासून मी दादांनी विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं, आपण होऊन एक शब्द नाही. एकवीस वर्षं. शेवटच्या दुखण्यात म्हणाले, विद्युत, एकदा जीप बघून येतेस का? मी म्हटलं, नाही."

गोदामात पत्र्यावर कबुतरं चालत होती. शार्दूलनं पत्ती खाली ठेवली. या जीपसाठी त्यानं तीन महिने घालवले होते. पण समोर आत्याचा चेहरा असताना इंजिनाबद्दल बोलण्याइतका तो बापावर गेला नव्हता.

"टेम्पोवाल्याला फोन लाव," ताई म्हणाल्या. "बाराची वाट कशाला बघायची?"

"वन्सं, एक विचारू?" वीणा अजून वाकलेलीच होती. तिचं नाक त्या 'स'पासून वीतभर अंतरावर होतं. "हे लिहिलं कुणी?"

"दादांनी," प्रल्हाद म्हणाला. "दुसरं कोण लिहिणार?"

"मामंजींना कुठली सवत?"

"म्हणजे?"

"म्हणजे पुरुषाला सवत असते का?"

प्रल्हादनं तोंड उघडलं. "तसं पाहिलं तर सवत म्हणजे सपत्नी, आणि संस्कृतात 'सपत्न' हे पुल्लिंगीही आहे. शत्रू या अर्थानं—"

"अहो, हे जीपवर लिहिलंय, वेदात नाही. बाप्या माणसानं बाई ठेवली तर तो तिला राणी म्हणेल, सखी म्हणेल, नाहीतर काहीच न म्हणता गप्प बसेल. सवत कशी म्हणेल? सवत बायकोची असते. आता मी तुमच्या पाठशाळेला सवत म्हणते. तुम्ही म्हणू शकता का?"

"तू पाठशाळेला सवत म्हणतेस?"

"तीस वर्षं झाली."

"कुणाजवळ?"

"सगळ्यांजवळ."

शार्दूलला हसू आवरेना, म्हणून त्यानं पत्ती पुन्हा उचलली. प्रल्हाद व्याकरणाच्या बाजूनं पराभूत होऊन बायकोकडे बघत राहिला. आयुष्यभर त्यानं विद्यार्थ्यांना बजावलं होतं, आधी कर्ता शोधा, मग क्रियापदाकडे जा; आणि त्रेचाळीस वर्षांपूर्वी कर्ता न शोधताच तो रंगाचे डबे आणायला धावला होता.

ताई उठल्या. गुडघ्यांनी आवाज केला, त्यांनी तो ऐकला नाही. "वर खरवड," त्या म्हणाल्या.

"आत्या, टेम्पो?"

"वर खरवड म्हटलं ना."

लुगडं वर वर उलगडत गेलं. चांगलं चापूनचोपून नेसलेलं नऊवारी. ज्या हातानं अमेरिकनांसाठी काय काय काढलं होतं, त्यानंच या बाईच्या लुगड्याची एक निरीसुद्धा हलू दिली नव्हती. बाई बसली होती ती मात्र थेट विमानातून टाकायच्या बॉम्बवर, आणि ऐटीत, एक पाय दुसऱ्यावर टाकून, जशा त्या विमानांवरच्या बसतात. मग हात निघाला. हातात आमटीची पळी, तलवारीसारखी उगारलेली.

"डावा," ताई पुटपुटल्या.

"काय?"

"डावा हात आहे, प्रल्हाद."

कोपर, खांदा, मान. डोळ्यांपाशी मूळ रंगच उडून गेला होता, तिथं नुसता पत्रा होता. पण तोंड राहिलं होतं. बाईनं ओठ घट्ट मिटून घेतले होते, आणि उजवी कड, जेमतेम एका कुंचल्याच्या टोकाएवढी, वर वळलेली होती.

विद्युल्लताबाई त्या कडेकडे पाहत राहिल्या. हेच ओठ. चौसष्ट वर्षांपूर्वी पाट्यासमोर त्यांनी हेच पाहिले होते, आणि रडू दाबलंय असं ठरवून बाहेर आल्या होत्या. दारात क्षणभर थांबल्या असत्या तर आतून हसण्याचा आवाज आला असता.

"माताजी खुद लिखी थीं," शिवराम मिस्त्री स्टुलावरून म्हणाला. "फोटो बाबूजी बनाए. फिर एक दिन माताजी आईं, देखीं. बोलीं, हमारा ही मुँह बना के हमारी ही सौत को पहना दिया? बाबूजी के हाथ से ब्रश ले के नीचे लिख दीं. उलटे हाथ से, मने बाएँ से. हम सात बरस के थे. दोनों जने इतना हँसे कि हमारे बाबू चाय रख के बाहर चले गए."

"आणि हे तुम्ही आज सांगताय?" प्रल्हाद मराठीतच ओरडला.

मिस्त्रीला मराठी समजत होती. "आप लोग पूछे ही नहीं, पंडितजी. आप तो आए, हरा रंग मारे, चले गए."

ताई पुन्हा खोक्यावर टेकल्या होत्या; प्रल्हाद शेजारच्या खोक्यावर बसला. "ताई, दादा गेले त्या वर्षी आईनं मला एकदा विचारलं होतं. जीप आहे ना तशीच? मी म्हटलं, चांगली हिरवी करून टाकली, नव्यासारखी दिसते. त्या दिवशी ती जेवली नाही." त्यानं खाली पडलेला हिरवा पापुद्रा उचलला. "मला वाटलं, एकादशी असेल."

ताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हे त्यांनी यापूर्वी केलं होतं ते त्याच्या मुंजीत. दोघं दोन खोक्यांवर, दोन म्हातारी मुलं, आईबापांच्या एका विनोदाला उशिरा पोचलेली.

वीणानं डबा उघडला. साबुदाण्याचे वडे होते. कुणी नाही म्हटलं नाही.

बाराला पाच कमी असताना टेम्पो आला. कबाडी आणि त्याची तीन माणसं दोर घेऊन आत शिरली.

"आत्या, काय सांगू यांना?" शार्दूलनं विचारलं. आवाज साधा ठेवण्याची त्यानं शिकस्त केली होती.

"चालू होते का ही?"

"इंजिन ठीक आहे. सेल्फ घेत नाही. धक्का द्यावा लागेल."

"मग माणसं आलीच आहेत," ताई म्हणाल्या. "दूधविनायकाला ने."

"गल्लीत जाणार नाही ती."

"मला माहीत आहे कुठपर्यंत जाते. तिथपर्यंत ने."

अशा रीतीनं जी माणसं जीप उचलून न्यायला आली होती त्यांनीच तिला चेतगंजच्या रस्त्यावर ढकलत चालू केलं. वीणा आधीच टोटो करून घरी गेली होती. "माझं थोडं काम आहे," एवढंच म्हणाली. प्रल्हाद मागे बसला. ताई पुढे बसायला गेल्या त्या सवयीनं डावीकडे. तिथं स्टिअरिंग होतं.

"उधर से, बहिनजी," मिस्त्री म्हणाला. "अमरीकी गाड़ी है, लेफ्ट हैंड. बाबूजी कहते थे, घर वाली भी लेफ्ट हैंड, चेतगंज वाली भी लेफ्ट हैंड. हम कहाँ जाएँ."

ताई वळसा घालून उजवीकडे चढल्या. कबीरचौऱ्याला त्यांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "शार्दूल, डोळे तू काढशील?"

"काढेन. तिचा फोटो आहे ना?"

"फोटोत ती घाबरलेली आहे. मी सांगेन तसे काढ."

"आणि खालचं नाव?" मागून प्रल्हादनं विचारलं. "नाही म्हणजे, लोक वाचतील, ताई. पाठशाळेचे विद्यार्थी जातात-येतात."

"वाचू देत. व्याकरण सुधारेल."

गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली, कारण पुढे जगातली कुठलीच जीप गेली नसती. वीणा तिथं उभी होती, हातात तांब्या आणि ताटली. "भाकरी नव्हती घरात," ती म्हणाली. "सकाळची पोळी आहे. पण पहिल्यांदा घरी येतेय, तुकडा ओवाळल्याशिवाय कशी घ्यायची? वन्सं, तुम्ही ओवाळा. तुमचाच मान."

विद्युल्लताबाईंनी पोळीचा तुकडा घेतला, तो जीपच्या नाकावरून तीनदा फिरवला, त्या मिटलेल्या ओठांवरून जरा सावकाश, आणि बाजूला टाकला. पाणी ओतेपर्यंत गल्लीतून सांड आला आणि तुकडा खाऊन उभा राहिला, आणखी काही विधी आहे का याची चौकशी करत.

कोपऱ्यावरचा पानवाला सुपारी कातरायची थांबवून केव्हाचा पाहत होता. तो खाली उतरला, चित्राकडे वाकला, त्यानं अक्षरांवरून बोट फिरवलं. "बहिनजी, ई केकर गाड़ी हौ? किसकी है?"

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "गाड़ी नहीं है," त्या म्हणाल्या. "हमारी सौतेली माँ है. चेतगंज में रहती थीं. पिताजी रोज शाम को इन्हीं के पास जाते थे."

आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

पानवाल्यानं एकदा जीपकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, मग चप्पल काढून हात जोडले. संध्याकाळच्या आरतीपर्यंत बातमी बालाजी घाटावर पोचली होती: गल्लीचं म्हणणं सत्तर वर्षं खरंच होतं, आणि आज खुद्द मुलीनं ते कबूल केलं.